अध्यक्षांकडे पडून राहिलेली याचिका: पक्षांतराचा निकाल लागेपर्यंत विधानसभाच का संपते

2022 ते 2024 या काळात ज्यांनी मराठी न्यूज चॅनल बघितलंय त्यांना ‘आमदार अपात्रता सुनावणी’ हे शब्द पाठ झाले असतील. आज सुनावणी, वेळापत्रक जाहीर, वेळापत्रक बदललं, उलटतपासणी, परत मुदतवाढ. राजकारण नीट फॉलो करणाऱ्या लोकांनी सुद्धा मधेच नाद सोडून दिला, कारण नक्की कोण कोणासाठी थांबलंय हेच कळेना. कोर्ट म्हणायचं अध्यक्षांनी ठरवावं, अध्यक्ष म्हणायचे मी नियमानुसार ठरवीन, आणि तोपर्यंत ज्यांच्या आमदारकीवरच प्रश्न होता ते आमदार मतदान करत होते, बजेट पास करत होते, काही जण मंत्री होते, आणि एक तर मुख्यमंत्री होते. हे कुठल्या नियमामुळं शक्य होतं ते एकदा शांतपणे बघू. हा फक्त शिवसेनेचा किंवा राष्ट्रवादीचा विषय नाहीये, उत्तर प्रदेश, मणिपूर, तामिळनाडू, तेलंगणा, गोवा सगळीकडं जवळजवळ हीच गोष्ट वेगवेगळ्या पक्षांनी केलेली आहे.

आधी मुद्दा सांगून टाकतो. इथं दोन गोष्टी एकमेकींत अडकल्यात. एक म्हणजे एका संस्थेनं दुसरीचा मान राखून मागं थांबणं, कोर्टानं विधिमंडळात लुडबूड न करणं. दुसरी म्हणजे त्या दुसऱ्या संस्थेनं निर्णय पुढे पुढे ढकलत राहणं. पहिली गोष्ट चांगल्या कारणासाठी आहे, पण तिच्या आडोशाला दुसरी वाढते. आणि विधानसभेची मुदत मुळात पाचच वर्षं असल्यामुळं नुसतं ढकलत राहिलं तरी एका बाजूच्या मनासारखा निकाल आपोआप लागतो, कागदावर एक ओळ न लिहिता.

आता मुळापासून. 1967 मधे हरियाणात गया लाल नावाच्या आमदारांनी पंधरा दिवसांत तीनदा पक्ष बदलला आणि ‘आया राम गया राम’ हा शब्दप्रयोग देशभर झाला. त्या काळात राज्यांमधली सरकारं अशा उड्यांवर पडायची आणि बनायची. हे थांबवायला 1985 साली 52वी घटनादुरुस्ती झाली आणि घटनेला दहावी अनुसूची जोडली गेली. आपण ज्याला पक्षांतरबंदी कायदा म्हणतो तो हाच. त्यात मुख्य कारणं दोन, ज्या पक्षाच्या तिकिटावर निवडून आलात त्याचं सदस्यत्व ‘स्वेच्छेनं सोडलं’ तर आमदारकी जाते, किंवा पक्षाचा व्हिप (मतदान कसं करायचं याचा आदेश) मोडून सभागृहात मतदान केलं किंवा मतदानाला गैरहजर राहिलात तर जाते. स्वेच्छेनं सोडणं म्हणजे लेखी राजीनामाच पाहिजे असं नाही, वागणुकीवरूनही ते ठरवता येतं, हे सुप्रीम कोर्टानं 1994 मधे गोव्यातल्या आमदारांच्या केसमधे सांगितलं, रवी नाईक यांच्या नावानं तो निकाल ओळखला जातो. आधी एक पळवाट होती, पक्षाचे एक तृतीयांश आमदार फुटले तर त्याला ‘फूट’ म्हणून माफी मिळायची, ती 2003 च्या 91व्या घटनादुरुस्तीनं काढली. आता उरलंय ते विलीनीकरण, त्याला दोन तृतीयांश लागतात.

इथपर्यंत सगळं ठीक. पण हे ठरवणार कोण? दहाव्या अनुसूचीचा परिच्छेद 6 सांगतो की सभागृहाचे अध्यक्ष ठरवतील, विधान परिषद किंवा राज्यसभा असेल तर सभापती, आणि त्यांचा निर्णय अंतिम. परिच्छेद 7 तर त्याच्या पुढं गेला होता, कुठल्याही कोर्टाला यात अधिकारच नाही असं त्यात होतं.

आणि एक गोष्ट त्या अनुसूचीत लिहिलेलीच नाही. किती दिवसांत ठरवायचं. महिना, सहा महिने, दोन वर्षं, काहीच नाही. पुढं जे जे झालं त्यातलं बरंचसं या एका न लिहिलेल्या ओळीतून आलंय.

अध्यक्षांनाच का अधिकार दिला याचंही कारण समजून घ्यायला हवं, नाहीतर हे सगळं मुद्दाम रचलेलं कारस्थान वाटेल आणि ते तसं नाहीये. ब्रिटिश संसदेच्या परंपरेत अध्यक्ष म्हणजे सभागृहाचा आवाज. तिथं अध्यक्ष झाला की माणूस पक्ष सोडतो, पुढच्या निवडणुकीत मोठे पक्ष सहसा त्याच्याविरुद्ध उमेदवार देत नाहीत, मग त्याला कोणाला खूश ठेवायची गरज राहत नाही. आपण खुर्ची घेतली पण ही बाकीची व्यवस्था घेतली नाही. आपल्याकडं अध्यक्ष पक्षाच्या तिकिटावर निवडून येतो, सत्ताधारी बहुमतावर अध्यक्ष होतो, ते बहुमत फिरलं तर साध्या बहुमताच्या ठरावानं जाऊ शकतो, आणि पुढच्या वेळी तिकीट त्याच पक्षाकडं मागतो. दहाव्या अनुसूचीत एक परिच्छेद आहे की अध्यक्षांनी पदावर असताना पक्ष सोडला तर ते पक्षांतर धरलं जाणार नाही, पद गेल्यावर परतही येता येईल, म्हणजे दार उघडं ठेवलंय. पण त्या दारातून जातंय कोण? 1967 मधे नीलम संजीव रेड्डींनी लोकसभेचे अध्यक्ष झाल्यावर काँग्रेस सोडली, तेव्हा हा कायदाही नव्हता, आणि ते उदाहरण अजून लोक दाखवतात ते त्याला फारशी जोड मिळाली नाही म्हणूनच. गल्ली क्रिकेटमधे बॅटिंग करणाऱ्या टीमचाच माणूस अंपायर उभा करतात तसा हा प्रकार आहे, तो माणूस प्रामाणिक असेलही, पण अपील त्याच्याच कॅप्टनविरुद्ध आहे.

हा प्रश्न कोर्टात गेला. 18 फेब्रुवारी 1992 ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं किहोटो होलोहान केसमधे 3 विरुद्ध 2 असा निर्णय दिला. परिच्छेद 7 रद्द झाला, कारण कोर्टांचे अधिकार कमी करायचे तर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मंजुरी लागते आणि ती घेतलीच नव्हती. अध्यक्ष इथं सभागृह चालवणारे म्हणून नाही तर न्यायाधिकरण म्हणून, म्हणजे कोर्टासारखा निवाडा करणारी संस्था म्हणून काम करतात, त्यामुळं त्यांचा निर्णय कोर्ट तपासू शकतं, असंही ठरलं. पण बहुमतातल्या तीन न्यायाधीशांनी अध्यक्षांच्या पदावर विश्वास ठेवला. एवढ्या मोठ्या परंपरेचं पद आहे, त्यांच्याबद्दल आधीच संशय घेऊ नये असं त्यांचं म्हणणं. आणि म्हणून एक लक्ष्मणरेषा आखली: अध्यक्षांचा निर्णय झाल्यावर कोर्टात या, निर्णय होण्याआधी कोर्ट सहसा हात घालणार नाही. उरलेल्या दोन न्यायाधीशांनी तेव्हाच सांगितलं होतं की अध्यक्षांची खुर्चीच बहुमतावर टिकून असते, मग त्यांच्याकडून निःपक्ष निवाड्याची अपेक्षा कशी करायची.

आता या लक्ष्मणरेषेचा व्यवहारात अर्थ काय होतो ते बघा. कोर्ट निर्णयानंतर बघणार. मग निर्णयच दिला नाही तर? बघायला काही नाही. चुकीचा निर्णय दिला तर तो आठवड्याभरात हायकोर्टात चॅलेंज होऊ शकतो, रद्द होऊ शकतो. निर्णयच न देणं त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित. नोटीस काढायची, उत्तराला वेळ द्यायचा, वकिलांना कागदपत्रं द्यायची, एखादी तारीख अधिवेशनामुळं, एखादी सणामुळं पुढं न्यायची. यातलं एकेक पाऊल घेतलं तर वाजवीच वाटतं, नैसर्गिक न्याय म्हणजे समोरच्याला बाजू मांडायची संधी द्यायलाच हवी. पण सगळी पावलं मिळून तीन वर्षं झाली की मग त्याला सुनावणी कसं म्हणायचं?

उत्तर प्रदेशची केस यात मला सगळ्यात बोलकी वाटते, म्हणून जरा सविस्तर. 2003 च्या ऑगस्टमधे मायावतींचं सरकार गेलं. 27 ऑगस्टला बसपाचे 13 आमदार राज्यपालांना भेटले आणि मुलायमसिंहांना सरकार बनवायला बोलवा म्हणाले, म्हणजे स्वतःच्या पक्षाच्या विरोधी नेत्याला. 4 सप्टेंबरला बसपानं या 13 जणांच्या अपात्रतेची याचिका अध्यक्षांकडं दिली. दोन दिवसांनी, 6 सप्टेंबरला, 37 आमदारांनी अध्यक्षांकडं अर्ज केला की आम्ही एक तृतीयांश आहोत, आमची फूट मान्य करा (ती पळवाट तेव्हा अजून चालू होती). हा दुसरा अर्ज त्याच दिवशी संध्याकाळी मंजूर झाला. आणि आधी आलेली अपात्रतेची याचिका? ती बाजूला ठेवली गेली. मधे अध्यक्ष बदलले, आणि 2005 च्या सप्टेंबरमधे ती फेटाळण्यात आली. प्रकरण सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठापर्यंत गेलं, निकाल आला 14 फेब्रुवारी 2007 ला, 13 च्या 13 आमदार 27 ऑगस्ट 2003 पासून अपात्र. विधानसभेची मुदत तेव्हा दोन-तीन महिन्यांत संपणार होती. म्हणजे जे सरकार ऑगस्ट 2003 मधे या आमदारांना घेऊन उभं राहिलं ते जवळजवळ साडेतीन वर्षं चाललं, आणि नंतर कळलं की हे लोक पहिल्या दिवसापासून आमदारच नव्हते. एकाच टेबलवर दोन कागद, एकाला काही तास, दुसऱ्याला दोन वर्षं. वेळ लागतो म्हणून उशीर होतो हे ऐकलं की मला ती 6 सप्टेंबरची संध्याकाळ आठवते.

या निकालात कोर्टानं एक महत्त्वाची गोष्ट केली. एरवी अध्यक्षांचा निर्णय चुकला तर कोर्ट तो रद्द करून परत अध्यक्षांकडंच पाठवतं, परत ठरवा म्हणून. इथं विधानसभाच संपत आली होती, परत पाठवण्यात काही अर्थच नव्हता, म्हणून कोर्टानं स्वतः निर्णय दिला. आणि अधिकार असून तो न वापरणं हेही कोर्ट तपासू शकतं असं मान्य केलं.

तामिळनाडूत तर एकाच वर्षात, एकाच अध्यक्षांसमोर दोन्ही वेग दिसले. फेब्रुवारी 2017 मधे विश्वासदर्शक ठरावावर ओ. पनीरसेल्वम आणि आणखी 10 आमदारांनी आपल्याच अण्णाद्रमुक सरकारच्या विरोधात मत दिलं. मार्चमधे त्यांच्या अपात्रतेची मागणी झाली. नंतर पनीरसेल्वम यांचा गट परत पक्षात आला, ते उपमुख्यमंत्री झाले, आणि त्या मागणीवर काही हललं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमधे दुसऱ्या गटाचे आमदार राज्यपालांना भेटून मुख्यमंत्र्यांना पाठिंबा नाही म्हणाले, त्यातल्या 18 जणांना 18 सप्टेंबरला अपात्र ठरवलं गेलं, महिन्याच्या आत. पनीरसेल्वम आणि इतरांचं प्रकरण 2020 च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टात होतं तेव्हा कुठं अध्यक्षांनी नोटिसा काढल्याचं सांगण्यात आलं, तीन वर्षांनी.

मणिपूरमधे गोष्ट आणखी सरळ आहे. 2017 च्या निवडणुकीत 60 पैकी 28 जागा काँग्रेसला, 21 भाजपला. काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आलेले टी. श्यामकुमार त्याच महिन्यात भाजपच्या सरकारमधे मंत्री झाले. यात पुरावा शोधायला कुठं जायचंय, शपथविधीच पुरावा आहे. एप्रिल 2017 पासून अपात्रतेचे अर्ज पडले. अध्यक्षांनी काही केलं नाही. लोक हायकोर्टात गेले, तर हायकोर्ट म्हणालं की अध्यक्षांना मुदत घालून देता येते का हा प्रश्न आधीच सुप्रीम कोर्टानं मोठ्या पीठाकडं पाठवलेला आहे, त्यामुळं आम्ही आदेश देणं योग्य नाही. म्हणजे अध्यक्षांचा मान राखून कोर्ट थांबायचं, आणि इथं सुप्रीम कोर्टाचा मान राखून हायकोर्ट थांबलं, आणि मंत्री मात्र मंत्री राहिले.

21 जानेवारी 2020 ला सुप्रीम कोर्टानं यात पहिल्यांदा ठोस आकडा दिला. असाधारण परिस्थिती नसेल तर अध्यक्षांनी अपात्रतेची याचिका तीन महिन्यांत निकाली काढावी. मणिपूरच्या अध्यक्षांना चार आठवडे दिले. ते उलटले, निर्णय नाही. मग 18 मार्चला कोर्टानं अनुच्छेद 142 खालचे खास अधिकार वापरून श्यामकुमारांना मंत्रिमंडळातून काढलं आणि विधानसभेत पाऊल ठेवायला मनाई केली. त्यानंतर दहा दिवसांत अध्यक्षांनी त्यांना अपात्र ठरवलं. तीन वर्षं न झालेलं काम दहा दिवसांत झालं. त्याच निकालात कोर्टानं संसदेला सुचवलं होतं की हे काम अध्यक्षांकडून काढून निवृत्त न्यायाधीशांच्या कायमस्वरूपी न्यायाधिकरणाकडं द्यायचा विचार करा.

आता महाराष्ट्र. 20 जून 2022 ला विधान परिषदेची निवडणूक झाली आणि त्या रात्रीपासून एकनाथ शिंदे आणि त्यांच्यासोबतचे आमदार सुरत, मग गुवाहाटी. विधानसभेला तेव्हा अध्यक्ष नव्हते, उपाध्यक्ष नरहरी झिरवळ काम बघत होते. 23 जूनपासून अपात्रतेच्या याचिका पडायला लागल्या, 25 तारखेला 16 आमदारांना नोटीस गेली, 27 तारखेला संध्याकाळी साडेपाचपर्यंत उत्तर द्या. इथं वेग उलट्या बाजूला होता, कारण खुर्ची दुसऱ्या बाजूकडं होती, हेही लक्षात ठेवायला हवं. बंडखोर आमदारांनी झिरवळांनाच हटवायची नोटीस दिली होती, त्याला आधार 2016 च्या नबाम रेबिया निकालाचा, ज्यात म्हटलंय की अध्यक्षांना हटवायची नोटीस पेंडिंग असेल तर त्यांनी अपात्रतेचा निर्णय देऊ नये. 27 जूनला सुप्रीम कोर्टानं उत्तराची मुदत 12 जुलैपर्यंत वाढवली. पण 29 जूनला राज्यपालांनी सांगितलेली बहुमत चाचणी थांबवायला नकार दिला. त्या रात्री उद्धव ठाकरेंनी राजीनामा दिला, 30 तारखेला शिंदे मुख्यमंत्री, 3 जुलैला राहुल नार्वेकर अध्यक्ष, 4 जुलैला 164 विरुद्ध 99 असा विश्वासदर्शक ठराव.

म्हणजे 12 जुलै येईपर्यंत सरकार बदललं होतं, आणि निर्णय घेणारी खुर्चीही बदलली होती.

मग 11 मे 2023 चा घटनापीठाचा निकाल. कोर्ट म्हणालं राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं योग्य नव्हतं, शिंदे गटाच्या भरत गोगावलेंची प्रतोद (पक्षाचा व्हिप काढणारा) म्हणून नेमणूक बेकायदा होती, पण ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिलाय त्यामुळं जुनं सरकार परत आणता येणार नाही, आणि अपात्रतेचं अध्यक्षांनीच ‘वाजवी वेळेत’ ठरवावं. खूप लोकांना तेव्हा वाटलं की कोर्टानं एवढं सगळं बोलून शेवटी हात झटकले. तसं अगदी नाहीये, 1992 च्या लक्ष्मणरेषेप्रमाणं पहिला निर्णय अध्यक्षांचाच असतो, कोर्ट नियम पाळत होतं. पण तीन महिन्यांचा आकडा 2020 मधे दिलेला असताना इथं परत ‘वाजवी वेळ’ एवढंच म्हटलं, तारीख घातली नाही, ही माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महागात पडलेली गोष्ट आहे.

कारण पुढं काय झालं? मे गेला, जून गेला, सप्टेंबरमधे सुप्रीम कोर्टानं विचारलं की चार महिने काय केलं, वेळापत्रक ठरवा. ऑक्टोबरमधे वेळापत्रकावर नाराजी, पुढच्या निवडणुकीआधी निर्णय झाला नाही तर या सगळ्याला अर्थच राहणार नाही असं कोर्टाला बोलून दाखवावं लागलं. 30 ऑक्टोबरला अखेर तारीख घातली, शिवसेनेसाठी 31 डिसेंबर, राष्ट्रवादीसाठी 31 जानेवारी. त्यालाही थोडी मुदतवाढ मिळाली. अध्यक्षांची बाजू अशी होती की 34 याचिका आहेत, कागदपत्रं प्रचंड आहेत, घाईत निर्णय दिला तर अन्याय होईल, आणि विधिमंडळाचं सार्वभौमत्वही जपायला हवं. 10 जानेवारी 2024 ला निर्णय आला: शिंदे गट हीच खरी शिवसेना, आणि कुठल्याच बाजूचा एकही आमदार अपात्र नाही. याचिका पडल्यापासून अठरा महिन्यांहून जास्त. फेब्रुवारीत राष्ट्रवादीचा निर्णयही त्याच वळणाचा.

आता निर्णय झाला म्हणजे कोर्टाचं दार उघडलं, बरोबर? ठाकरे गट सुप्रीम कोर्टात गेला. पण 20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेची निवडणूक झाली, 26 नोव्हेंबरला जुन्या विधानसभेची मुदत संपत होती. जो निकाल त्या विधानसभेतल्या आमदारकीबद्दल हवा होता तो त्या विधानसभेच्या आयुष्यात आलाच नाही. कोण बरोबर होतं यावर तुमचं माझं मत काहीही असो, शिंदे गटाला मानणाऱ्या वाचकालाही हे पटावं असं मला मनापासून वाटतं, कारण ते बरोबर असतील तर त्यांच्यावरचा ठपका वेळेत धुऊन निघायचा त्यांचाही हक्क होताच की. उशिरानं दोन्ही बाजूंचं उत्तर खाल्लं.

गोव्याचं थोडक्यात सांगतो. जुलै 2019 मधे काँग्रेसच्या 15 पैकी 10 आमदार भाजपमधे गेले, त्यात विरोधी पक्षनेते चंद्रकांत कवळेकर होते, ते लगेच उपमुख्यमंत्री झाले. अपात्रतेची याचिका अध्यक्षांनी एप्रिल 2021 मधे फेटाळली, आणि हायकोर्टाचा निकाल आला फेब्रुवारी 2022 च्या अखेरीस, तोवर नव्या विधानसभेसाठी मतदान होऊन गेलं होतं. निकाल आमदारांच्या बाजूनं लागला, दोन तृतीयांशचा आकडा पुरतो म्हणून. पण समजा विरोधात लागला असता तरी घालवायला आमदारकी उरली होती का?

आणि तेलंगणा, तिथं सत्ता काँग्रेसची. 2023 च्या निवडणुकीत भारत राष्ट्र समितीच्या (बीआरएस) तिकिटावर निवडून आलेले 10 आमदार 2024 मधे काँग्रेसकडं गेले, त्यातले दानम नागेंदर तर बीआरएसचे आमदार असतानाच सिकंदराबादमधून काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभा लढले. अध्यक्षांनी सात महिन्यांहून जास्त काळ साधी नोटीस काढली नाही, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेल्यावर काढली. 31 जुलै 2025 ला तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती मसीह यांच्या पीठानं तीन महिन्यांत निर्णय द्या असा आदेश दिला, आमदार मुद्दाम वेळ काढत असतील तर त्यांच्याविरुद्ध निष्कर्ष काढा असं सांगितलं, आणि अध्यक्ष न्यायाधिकरण म्हणून काम करतात तेव्हा त्यांना घटनात्मक संरक्षणाची ढाल नाही हेही स्पष्ट केलं. तीन महिने ऑक्टोबरच्या शेवटी संपले, निर्णय पूर्ण झाले नव्हते, नोव्हेंबरमधे अध्यक्षांना कोर्टाच्या अवमानाची नोटीस निघाली.

हाच खेळ राज्यपालांच्या बाबतीतही दिसतो म्हणून एक उदाहरण, महाराष्ट्रातलंच. नोव्हेंबर 2020 मधे तेव्हाच्या सरकारनं विधान परिषदेवर नेमायच्या 12 जणांची यादी राज्यपाल भगतसिंह कोश्यारींकडं पाठवली. हो नाही, नाही नाही. ऑगस्ट 2021 मधे मुंबई हायकोर्टानं म्हटलं की राज्यपाल कोर्टाला उत्तरदायी नाहीत, त्यांना आदेश देता येत नाही, पण वाजवी वेळेत निर्णय घेणं हे त्यांचं कर्तव्य आहे आणि आठ महिने पुरेसे आहेत. कोर्टानं अदब पाळली आणि तिकडून काहीच आलं नाही. सरकार बदललं, आणि नव्या सरकारनं 2022 मधे यादीच परत घेतली. विधेयकांवरही तेच, तामिळनाडूच्या केसमधे एप्रिल 2025 ला दोन न्यायाधीशांनी राज्यपालांना कालमर्यादा घातली, आणि 20 नोव्हेंबर 2025 ला पाच न्यायाधीशांच्या पीठानं मत दिलं की कोर्टाला अशी कालमर्यादा घालता येणार नाही, फार लांबलेल्या आणि कारण न दिलेल्या विलंबात फक्त ‘निर्णय घ्या’ एवढं सांगता येईल.

काही लोक यावर म्हणतात की मग कोर्टानंच सगळं ठरवावं. मला ते पटत नाही. निवडून आलेल्या सभागृहाच्या कामात कोर्टानं ऊठसूट शिरणं हे धोक्याचंच आहे, आज तुमच्या आवडीच्या निर्णयासाठी शिरेल, उद्या नावडत्या. अनुच्छेद 212 मधे विधिमंडळाच्या कामकाजाची कोर्टानं चौकशी करू नये असं आहे ते याच विचारानं. कोर्टानं मागं थांबावं, पण किती दिवस ते ठरलेलं पाहिजे. थांबण्याला तारीख असली की समोरच्यावर काम करायची जबाबदारी येते, तारीख नसली की थांबणारा फक्त बघत बसतो.

आणि दुसरी गोष्ट, हे काम अध्यक्षांकडंच का असावं? आमदाराची अपात्रता इतर कारणांनी आली, समजा लाभाचं पद घेतलं, तर अनुच्छेद 192 प्रमाणं राज्यपाल निर्णय देतात आणि त्यांना निवडणूक आयोगाच्या मताप्रमाणंच वागावं लागतं. पक्षांतरासाठीही असंच करा हे दिनेश गोस्वामी समितीनं 1990 मधेच सुचवलं होतं. 2002 मधे घटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या राष्ट्रीय आयोगानं म्हटलं की हा अधिकार अध्यक्षांकडून काढून निवडणूक आयोगाला द्या. त्या आयोगाचे प्रमुख होते न्यायमूर्ती वेंकटचलय्या, म्हणजे 1992 च्या निकालात अध्यक्षांवर विश्वास ठेवणाऱ्या तीन न्यायाधीशांपैकी एक. दहा वर्षांत त्यांच्याच आयोगाला हा अधिकार तिथून काढायला हवा असं वाटलं, यापेक्षा वजनदार साक्ष कुठली आणायची? 2020 मधे सुप्रीम कोर्टानं हेच वेगळ्या शब्दांत सांगितलं, 2025 मधे परत संसदेला विचार करायला सांगितलं. दुरुस्ती संसदेनं करायची आहे, आणि प्रत्येक मोठ्या पक्षाकडं कुठल्या ना कुठल्या राज्यात आपला अध्यक्ष आहे, म्हणून ती होत नाही. मला तरी यामागं दुसरं कारण दिसत नाही.

तोपर्यंत आपल्याला करता येण्यासारखं एक काम आहे. पुढच्या वेळी कुठल्याही राज्यात, कुठल्याही पक्षाची अपात्रतेची बातमी आली की चार तारखा लिहून ठेवा: याचिका कधी दिली, पहिली नोटीस कधी निघाली, पहिली सुनावणी कधी झाली, आणि विधानसभेची मुदत कधी संपते. आणि आपल्या आमदाराला, पत्रकार ओळखीचे असतील तर त्यांना, पहिल्या दोन तारखांमधे एवढं अंतर का पडलं हे विचारा.